श्योनबुखच्या जंगलात बीकनवाली जिओकॅश: पानगळीपासून पालवीपर्यंतचा अनुभव

बीकनवाली जिओकॅश, म्हणजे बिनतारी संदेश सोडणाऱ्या छोट्या यंत्रातून पुढचा पत्ता देणारी लपवलेली डबी, ठेवायची असेल तर ती घरापासून पायी जाता येईल अशाच ठिकाणी ठेवा. कोणतं बीकन घ्यायचं, सेल कोणता, फोनवर ॲप कोणतं, हे सगळं त्यानंतरचं. गेल्या नोव्हेंबरपासून माझी एक मल्टी-कॅश जर्मनीत, हेरेनबर्गजवळ श्योनबुखच्या जंगलाच्या कडेला चालू आहे. तिच्या दोन टप्प्यांवर डबी नाही, चिठ्ठी नाही. पुढचे को-ऑर्डिनेट्स (अक्षांश-रेखांश) हवेतून मिळतात. कडाक्याची थंडी, मार्चचा चिखल आणि मे महिन्यातली बीचच्या झाडांची दाट पालवी असं सगळं या बीकनांनी सोसलं आहे, म्हणून आता सविस्तर लिहिते.

जिओकॅशिंग नव्याने ऐकणाऱ्यांसाठी थोडक्यात. २ मे २००० रोजी अमेरिकेने नागरी जीपीएस सिग्नलमध्ये मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली. लगेच दुसऱ्या दिवशी डेव्ह उल्मर यांनी ओरेगॉनमध्ये एक बादली लपवली, तिचे को-ऑर्डिनेट्स इंटरनेटवर टाकले आणि शोधा म्हणून सांगितलं. तेव्हापासून खेळाचा गाभा तोच आहे: जागा शोधा, डबी उघडा, वहीत नाव लिहा, डबी होती तशी परत ठेवा. मल्टी-कॅशमध्ये एका टप्प्यावर पुढच्या टप्प्याचा पत्ता मिळतो आणि खरी डबी शेवटी असते.

जर्मनीत हा खेळ फार मनापासून खेळला जातो आणि इथल्या लोकांना इलेक्ट्रॉनिक करामतींची जुनी आवड आहे. रात्रीच्या कॅशसाठी इथल्या हौशी मंडळींनी ‘रिॲक्टिव्हलिश्ट’ नावाचं छोटं सर्किट केव्हाच बनवलं. एटीटायनी१३सारखा इवलासा मायक्रोकंट्रोलर आणि एक एलईडी. तीच एलईडी आधी उजेड ओळखते, टॉर्चचा झोत पडला की जागी होते आणि लुकलुकून आकडे सांगते. एफएम रेडिओवर ऐकायचे टप्पेही इथे असतात. बीकन त्याच वंशातलं आहे, इतकंच की टॉर्चच्या जागी फोन किंवा जीपीएस यंत्र येतं.

पहिल्या बिनतारी टप्प्यावर मी गार्मिनचं ‘चर्प’ लावलं. हे २०१० साली खास जिओकॅशिंगसाठीच निघालेलं बीकन. नाण्याएवढा जीव, आत सीआर२०३२ हा बटणासारखा चपटा सेल, बोलतं एएनटी नावाच्या बिनतारी पद्धतीने. साधारण १० मीटरच्या आत सुसंगत यंत्र आलं की ते पुढच्या टप्प्याचे को-ऑर्डिनेट्स आणि इशाऱ्याचं एक वाक्य पाठवतं, शिवाय किती यंत्रं येऊन गेली ते मोजून ठेवतं. मला ते सेकंडहँड मिळालं. यंत्रावरून माहिती भरायला पाच मिनिटंही लागली नाहीत आणि हिवाळाभर त्याने काही त्रास दिला नाही.

पण ते वाचणार कोण, हा प्रश्न आहेच. गार्मिनचंच ईट्रेक्स ३० हे जीपीएस यंत्र ते वाचतं, त्याचंच भावंड ईट्रेक्स २० वाचत नाही, कारण त्यात एएनटीचा रेडिओच नाही. ज्यांच्याकडे योग्य यंत्र आहे त्यांनाही सेटिंगमध्ये जाऊन चर्पचा शोध चालू करावा लागतो, हे मी कॅशच्या इंटरनेटवरच्या पानावर ठळक लिहून ठेवलंय. आणि बहुतेक लोक आता फोनवरच खेळतात. म्हणून या टप्प्याला मी दुसरी वाटही ठेवली आहे: जवळच्या माहितीफलकावरच्या आकड्यांची बेरीज केली की तेच उत्तर येतं. वाट थोडी लांबची आहे, पण कुणी रिकाम्या हाताने परत जात नाही. कॅशच्या पानावर बिनतारी बीकनचं चिन्ह लावायला मात्र विसरू नका. घरून निघतानाच माणसाला कळलं पाहिजे की काय सोबत घ्यायचं आहे.

दुसरा टप्पा ब्लूटूथचा आणि माझा जीव त्याच्यात अडकलेला आहे. एनआरएफ५२ या ब्लूटूथ चिपवरचा छोटा बोर्ड घेतला, पेटलिंगमध्ये बसवला. पेटलिंग म्हणजे बाटली फुगवण्याआधीची प्लॅस्टिकची जाड नळी. जर्मन जिओकॅशर तिच्यावर फार विसंबतात, कारण झाकण घट्ट बसतं आणि प्लॅस्टिकमुळे सिग्नल अडत नाही. लष्करी बनावटीच्या पत्र्याच्या डब्यात बीकन ठेवलं तर ते मुकंच होतं.

इथे एक गोष्ट नीट सांगते, कारण तिची माहिती सहज कुठे मिळत नाही. ब्लूटूथ बीकन म्हटलं की लोक आयबीकनकडे वळतात. ॲपलने २०१३ मध्ये आणलेली ही पद्धत दुकानं आणि संग्रहालयांसाठी उत्तम आहे. पण जिओकॅशला ती जमत नाही. आयफोन आयबीकनचा संदेश साध्या स्कॅनर ॲपला दाखवतच नाही. बीकनची ओळखसंख्या आधीपासून माहीत असलेल्या ॲपलाच तो मिळतो. म्हणजे अँड्रॉइडवाल्याला दिसणार आणि शेजारी उभ्या आयफोनवाल्याला दिसणार नाही. गुगलची एडीस्टोन नावाची तशीच पद्धत वापरून थेट फोनवर सूचना पाठवण्याची सोय एके काळी होती, तीही गुगलने २०१८च्या अखेरीस बंद केली.

म्हणून सगळ्यात साधा मार्ग धरा आणि को-ऑर्डिनेट्स बीकनच्या नावातच लिहा. ब्लूटूथच्या जुन्या पद्धतीच्या जाहिरात-संदेशात, म्हणजे बीकन आपण इथे आहोत हे सांगायला पुन्हा पुन्हा सोडतं त्या संदेशात, ३१ बाइट मावतात. त्यातले ३ खुणांसाठी आणि २ नावाच्या मथळ्यासाठी गेले की २६ अक्षरं उरतात. अंशाची खूण गाळली तर पूर्ण अक्षांश-रेखांश, मिनिटांच्या तीन दशांश स्थळांसह, २२ अक्षरांत बसतात. नॉर्डिकचं एनआरएफ कनेक्ट किंवा तसलं कोणतंही फुकट स्कॅनर ॲप ते नाव दाखवतं, फोन कुठलाही असो. अँड्रॉइडच्या ११ पर्यंतच्या आवृत्त्यांत ब्लूटूथ शोधायला लोकेशनची परवानगी द्यावी लागते. यादी रिकामी दिसली तर आधी ते तपासा.

आता खेळ. नुसते आकडे हवेतून मिळाले तर दोन मिनिटांची गंमत, पुढे काही नाही. खरी मजा मला ताकद कमी केल्यावर सापडली. चिपची प्रक्षेपणशक्ती उणे २० डीबीएमवर आणली (डीबीएम हे रेडिओच्या ताकदीचं माप, उणे आकडा शून्याकडे सरकला की ताकद वाढते) आणि कॅशच्या पानावर नेमकी जागा न देता फक्त एका पायवाटेचा तुकडा दिला. आता माणसाला बीकन शोधावं लागतं आणि त्यासाठी सिग्नलच्या जोराचा आकडा वाचावा लागतो.

तो आकडा लहरी असतो. जागेवर उभं राहिलं तरी उणे ७५ वरून उणे ८८ वर उडी मारतो, कारण ब्लूटूथ तीन वेगवेगळ्या वाहिन्यांवर आलटून पालटून संदेश सोडतं आणि प्रत्येक वाहिनी बुंध्यांवरून, ओल्या जमिनीवरून वेगळ्या तऱ्हेने परावर्तित होते. घाईघाईत चालणाऱ्याला त्यातून काही कळत नाही. थांबावं लागतं, आठ-दहा सेकंद बघून मनात सरासरी काढावी लागते, मग चार पावलं टाकायची.

आणि इथे हौशी रेडिओवाल्यांची जुनी युक्ती कामाला येते. फोन छातीशी धरायचा आणि जागच्या जागी हळूहळू गोल फिरायचं. आपलं शरीर बरंचसं पाणीच आहे आणि २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी पाणी शोषून घेतं. बीकन पाठीमागे आलं की सिग्नल दाणकन पडतो. जिथे तो सगळ्यात क्षीण, त्याच्या बरोबर उलट्या दिशेला, म्हणजे पाठीमागे चालायला लागायचं. पानावर मी या युक्तीचा फक्त इशारा दिलाय. ज्यांना ती स्वतःहून सुचते त्यांचे लॉग, म्हणजे कॅश सापडल्यावर लिहिलेल्या नोंदी, वाचताना मला इतका आनंद होतो की ते मी घरात सगळ्यांना वाचून दाखवते. शाळकरी मुलं हे मोठ्यांपेक्षा लवकर शिकतात. आई-बाबा स्क्रीनकडे बघत रेंगाळतात तोवर पोरं दोनदा गिरकी घेऊन दिशा सांगून मोकळी.

मे महिन्यात मात्र हा टप्पा एकदम अवघड झाला. पालवी फुटली, पाऊस पडला, आणि हिवाळ्यात २५ पावलांवरून लागणारं बीकन दहा-बारा पावलांवर आलं. ओली पानं सिग्नल खातात हे पुस्तकात वाचलं होतं, पण एवढा फरक पडेल असं वाटलं नव्हतं. आता ऋतूप्रमाणे शक्ती बदलते: उन्हाळ्यात उणे १६, पानगळीनंतर परत उणे २०. काठिण्य वर्षभर सारखं राहावं हा ठेवणाऱ्याचा शब्द असतो.

श्योनबुख हे १९७२ साली झालेलं बाडेन-व्युर्टेम्बर्गचं पहिलं निसर्गउद्यान. जंगलाच्या मधल्या मोठ्या कुंपणाच्या भागात लाल हरणं आहेत. संध्याकाळी आणि पहाटे जनावरं चरायला बाहेर पडतात, शिकारीचा परवाना असलेले लोकही तेव्हाच मचाणावर असतात. रात्रीच्या कॅशवरून इथे वनखातं, शिकारी आणि जिओकॅशर यांच्यात खटके उडत आले आहेत आणि त्यात मला जनावरांची बाजू पूर्ण पटते. म्हणून माझ्या बीकनला मी प्रकाशसंवेदक जोडला. दिवस मावळायला लागला की ते झोपतं, सकाळी चांगलं उजाडल्यावर उठतं. अंधारात जंगलात येऊन काहीच मिळत नाही, त्यामुळे कुणी येत नाही. रिॲक्टिव्हलिश्टवाल्यांनी रात्रीसाठी जे कौशल्य वापरलं तेच उलटं फिरवून रात्र मोकळी ठेवता येते. बीकनचा सगळ्यात चांगला उपयोग मला हाच वाटतो. साध्या डबीला वेळ कळत नाही, बीकनला कळते. सेलही जवळपास निम्माच खर्च होतो, हा वरचा फायदा. बर्फ पडला की संवेदकाची खिडकी झाकली जाते आणि भर दुपारी बीकन झोपून राहतं, म्हणून खिडकी बुंध्याच्या आडोशाला, खाली तोंड करून ठेवली.

सेलचं प्रकरण वेगळंच आहे. सीआर२०३२ची क्षमता साधारण २२० मिलिॲम्पिअर-तास. कागदावर पुरेशी, पण शून्याखाली सेलचा आतला रोध वाढतो आणि संदेश सोडण्याच्या क्षणी व्होल्टेज खाली बसतं. जानेवारीत ब्लूटूथचं बीकन सकाळी बंद आणि दुपारी उन्हात परत चालू, असं होऊ लागलं. मग १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर सेलला समांतर जोडला, संदेशांमधलं अंतर एक सेकंदावर नेलं आणि जाडजूड सीआर२४७७ बसवला, त्याची क्षमता सुमारे १००० आहे. तेव्हापासून तक्रार नाही. बोर्डाला नेलपॉलिशचे दोन हात दिलेत, झाकणाच्या रबरी कडीला सिलिकॉन ग्रीस, आत सिलिका जेलची पुडी. यातलं काहीही वगळू नका. नळीच्या आत दव धरतं ते बाहेरच्या पावसाहून वाईट.

घर जवळ हवं ते याच्यासाठी. साधी डबी दोन महिने बघितली नाही तरी चालते. बीकन बंद पडलं की कुणाची तरी रविवारची सकाळ वाया जाते आणि ती माणसं कधी ४० किलोमीटरवरून आलेली असतात. मी फिरायला जाते तेव्हा वाट थोडी वाकडी करून दर आठवड्याला सिग्नल बघते. ज्यांना हे ओझं वाटेल त्यांनी साधी डबी ठेवावी, तीही तितकीच सुंदर असते.

वाय-फायचा प्रयोगही केला. ईएसपी८२६६ चा बोर्ड, नेटवर्कच्या नावातच को-ऑर्डिनेट्स, ३२ बाइटची जागा. ॲपची गरजच नाही, हा मोठा गुण. पण तो सतत ७०-८० मिलिॲम्पिअर ओढतो, म्हणजे पॉवरबँक दोन-चार दिवसांत खलास. मेळाव्याच्या एका दिवसासाठी छान, कायमसाठी नाही.

नवीन ठेवणाऱ्यांनी दोन नियम ध्यानात घ्यावेत. बीकन ही वस्तूच आहे, त्यामुळे दुसऱ्यांच्या कॅशपासून १६१ मीटरचं अंतर तिलाही लागू होतं. आणि झाडाला खिळा किंवा स्क्रू मारायचा नाही. माझं बीकन जुन्या खोडाच्या ढोलीत दोरीने बांधलेलं आहे, वनखात्याला विचारून.

पुण्याच्या मैत्रिणी विचारतात की सिंहगडावर किंवा राजमाचीला असं काही करता येईल का. तंत्र तिथेही चालेल, ब्लूटूथला वेगळा परवाना लागत नाही. पण संरक्षित वास्तूत काही ठेवायचं नाही, वनजमिनीवर वनखात्याची परवानगी हवी, आणि सेल-वायर असलेली बंद नळी स्टेशन, देऊळ किंवा धरणाजवळ तर कधीच नको. लोक घाबरतील आणि त्यांचं घाबरणं रास्त असेल. इथेसुद्धा मी पारदर्शक नळी वापरते आणि आत जर्मनमध्ये खेळाचं नाव, काय आहे ते आणि माझा फोन नंबर लिहिलेला कागद ठेवते. एखाद्या ओळखीच्याच्या शेतावर, आमराईत, त्यांच्या संमतीने सुरुवात करावी. सह्याद्रीच्या पावसात सिग्नल इथल्याहून जास्त मार खाईल, तेव्हा ताकद पहिल्यापासून थोडी चढी ठेवा आणि नळी जमिनीपासून हातभर तरी वर बांधा.

सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये लाल हरणांचा माजाचा काळ असतो. तेव्हा ब्लूटूथचा टप्पा दिवसाही बंद ठेवणार आहे आणि कॅशच्या पानावर तशी सूचना आताच टाकली आहे. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात नवा सेल घालून, शक्ती परत उणे २० वर आणून तो पुन्हा सुरू होईल.