वर्डप्रेस : साइट पटकन उभी राहते, पर्मालिंक मात्र आधी बघा

कोऱ्या डोमेनवर नवी साइट उभी करायला मी वर्डप्रेस हे वेबसाइट बनवायचं सॉफ्टवेअरच घेतलं. २००३ पासून चालत आलेलं, मोफत, आणि अडलं तर उत्तर कुठेतरी सापडतंच. इन्स्टॉल करतानाच भाषा म्हणून मराठी निवडता येते. डेटाबेसचं (साइटचा मजकूर जिथे साठतो त्याचं) नाव, युजर, पासवर्ड भरला की काम झालं. ‘हॅलो वर्ल्ड’ची नमुना पोस्ट आणि सॅम्पल पेज लगेच उडवा, नाहीतर महिनोन्‌महिने तशीच लोंबकळतात.

खरी गोम पर्मालिंकमध्ये, म्हणजे प्रत्येक लेखाच्या कायमच्या वेब-पत्त्यात आहे. शीर्षक मराठीत दिलं की पत्ताही देवनागरीत तयार होतो. ब्राउझरमध्ये छान दिसतो, पण कुणाला पाठवला की टक्क्यांच्या खुणा आणि आकड्यांची शेपटी होते. एकेका अक्षरचिन्हाला नऊ जागा लागतात, मर्यादा दोनशेची. म्हणजे बाविसेक चिन्हं झाली की पत्ता मध्येच तुटतो. काना-मात्राही वेगळ्या मोजल्या जातात बरं का! म्हणून मी प्रत्येक लेखाला छोटा रोमन पत्ता हाताने देते. कंटाळवाणं आहे, पण पर्याय नाही.

थीमवर, म्हणजे साइटच्या तयार रूपावर, फार वेळ घालवू नका. प्लगइनही (जादा सोयी देणारे जोड-प्रोग्रॅम) मोजकेच ठेवा. जुने पडलेले प्लगइन म्हणजे हॅकरला उघडं दार. ब्लॉक एडिटर, म्हणजे लेख तुकड्या-तुकड्यांनी रचायची जागा, सवयीचा व्हायला वेळ लागतो, मला अजून पूर्ण पटलेला नाही.

आणि सेटिंग्जच्या ‘रीडिंग’ पानावर सर्च इंजिनांना मनाई करणारी खूण आहे. साइट खुली करताना ती काढलेली आहे ना, एवढं बघा.

पाचपैकी चार तारे.