आजोबांचा बी-275: चालता करू की जसाच्या तसा?

मावसभाऊ अडलाय. गोठ्यामागं कित्येक पावसाळे भिजलेला आजोबांचा लाल बी-275 ट्रॅक्टर नुसता चालता करायचा, की नटबोल्टापासून मूळ रूपात आणायचा? महिंद्राची इंटरनॅशनल हार्वेस्टरशी भागीदारी 1963 ची, हा ट्रॅक्टर त्यातूनच आपल्याकडं आला.

त्याला माझं सांगणं: इंजिनाचं काम दोन्हीकडं सारखंच. जाम असेल तर चारही सिलिंडरांत डिझेल ओतून आठवडाभर सोड, मग फ्लायव्हील (इंजिनाचं जड चाक) हातानं हलवून बघ. घाईनं स्टार्टर मारलास तर पिस्टनच्या रिंगा तुटतील. लायनर, पिस्टन, पंप-नोझल, गरज पडली तर क्रँक ग्राइंडिंग (क्रँकशाफ्ट घासून नीट करणं): खरा पैसा इथंच जातो.

पुढं वाटा फुटतात. चालता करायचा तर मिळेल तो रेडिएटर, मिळेल तो डायनामो लागतो. दोन-तीन आठवडे पुरतात. मूळ रूपासाठी मात्र मीटर, दिवे, बोनेटवरची अक्षरं भंगारवाल्यांकडं शोधत हिंडायचं. एकेक तुकडा महिने खातो.

टिकण्याचं म्हणशील तर रंगानं काही होत नाही. लांबी (पुट्टी) भरून चकाचक केलेला पत्रा आतून गंजतच राहतो. कुजलेला भाग कापून नवा पत्रा जोड.

आणि मडगार्डवर आजोबांनी ब्रशनं लिहिलेलं ‘आईची कृपा’? सँडब्लास्टिंगला, म्हणजे वाळूच्या झोतानं रंग-गंज काढायला दिलंस की गेलं.

फवारणीला, ट्रॉलीला वापरणार असशील तर चालता कर. दारात ठेवून दसऱ्याला पूजायचा असेल, हाताशी वर्ष-दोन वर्षं असतील, तरच मूळ रूपाच्या नादी लाग. तेव्हाही ते मडगार्ड तसंच ठेव.