आरोग्यशिक्षण घरबसल्या: मुक्त विद्यापीठाची पदविका की संकेतस्थळावरचा अभ्यासक्रम?

नोकरी सांभाळून आरोग्यशिक्षणाचा अभ्यास करायचा झाल्यास इग्नूची (इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाची) पोषण व आरोग्यशिक्षण पदविका घ्यावी, की आपल्या सवडीने पुरा करायचा एखादा ऑनलाइन अभ्यासक्रम, असा प्रश्न बडोद्यातल्या माझ्या काही परिचितांना सध्या पडला आहे. मी दांडिया बाजारात औषधांच्या दुकानात काम करतो आणि रविवारी एका वस्तीत आयांशी मुलांच्या आहाराविषयी, जुलाबांविषयी बोलायला जातो. त्या कामासाठीच मी दोन्ही वाटा चालून पाहिल्या. प्रवेश, शुल्क वगैरे माहिती ज्याची त्याला मिळतेच. येथे मी फक्त शिकताना काय अनुभवले तेवढे मांडतो.

ऑनलाइन अभ्यासक्रमाचे ऋण प्रथम मान्य केले पाहिजे. एका परदेशी संकेतस्थळावर मी तो केला आणि त्यातली शिकवणी खरोखर उत्तम होती. माहिती असूनही माणसे तसे वागत का नाहीत, हा आरोग्यशिक्षणाचा मूळ प्रश्न तेथे फार नेमकेपणाने उलगडला. १९५०च्या दशकात अमेरिकेत क्षयरोगाच्या तपासणीसाठी क्ष-किरण यंत्रे गाडीत घालून वस्त्यावस्त्यांत नेली, तपासणी मोफत ठेवली, तरी लोक अपेक्षेइतके येईनात. त्या कोड्यातून तेथील मानसशास्त्रज्ञांनी आरोग्य-समजुतींचे प्रारूप मांडले. आपल्याला हा आजार होऊ शकतो, तो गंभीर आहे, उपायाचा उपयोग आहे आणि त्यातल्या अडचणी पेलण्याजोग्या आहेत, असे माणसाला स्वतःला वाटावे लागते, हे मला प्रथम तेथे समजले. रात्री दुकान बंद झाल्यावर अर्धा तास ऐकावे, न समजल्यास पुन्हा मागे जावे, ही सोय तर छापील पुस्तकात नाहीच.

पण माझे मन तेथून उठले ते एका गोष्टीमुळे, आणि ती किरकोळ आहे असे मला आजही वाटत नाही. शेवटचे काम म्हणून रक्तक्षयावर स्त्रियांसाठी एका सत्राची आखणी लिहून द्यायची होती. मी ती मनापासून लिहिली. आमच्या वस्तीत लोहाची गोळी सकाळच्या चहाबरोबर घेतली जाते. चहामुळे लोहाचे शोषण घटते, म्हणून गोळी चहापासून दूर कशी न्यावी आणि जेवणात लिंबू कसे आणावे, यावर सगळा भर होता. ही आखणी तपासायची होती सहाध्यायांनी. प्रत्येक जण आपापल्या गतीने शिकत असल्यामुळे त्या टप्प्यावर माझ्याबरोबर कोणी नव्हतेच. जवळजवळ सहा आठवडे काम तसेच पडून राहिले, मासिक शुल्क मात्र दर महिन्याला कापले गेले, आणि अखेरीस पूर्ण गुणांसह एका शब्दाचा शेरा आला: ‘छान’. गोळी आणि चहा यांचा मुद्दा त्या व्यक्तीने वाचला होता की नाही, हेही मला कळू शकले नाही. मला गुण नको होते. मी चुकत असेन तर कोणी तरी सांगायला हवे होते. सर्वच संकेतस्थळांवर असे घडते असे मी म्हणणार नाही, परंतु जेथे तपासणी सहाध्यायांवर सोपवलेली असते तेथे ही शक्यता गृहीत धरावी.

इग्नूची पदविका त्या मानाने कमी मोकळी आहे. गृहपाठाला साधारण ३० टक्के आणि सत्रान्त परीक्षेला ७० टक्के भार असतो, आणि परीक्षा जून व डिसेंबर अशा वर्षातून दोनदाच होते. वडिलांच्या शस्त्रक्रियेमुळे माझी एक परीक्षा हुकली, तेव्हा सहा महिने थांबावे लागले. त्यामुळे ‘आपल्या गतीने’ हे शब्द येथे थोडे जपून घ्यावेत. एक श्रेयांक (क्रेडिट) म्हणजे सुमारे ३० तासांचा अभ्यास धरला जातो आणि तो हिशेब, माझ्या अनुभवाने, खरा आहे. सामुदायिक पोषण, सार्वजनिक आरोग्य व स्वच्छता, पोषण व आरोग्यशिक्षण असे तीन लेखी विषय आहेत. पुस्तकांची भाषा काही ठिकाणी रूक्ष वाटते, हेही खरे.

चौथा भाग प्रकल्पाचा, आणि माझ्यापुरता निर्णय तेथेच झाला. त्यासाठी घरोघरी जाऊन बोलावे लागते. मी जुलाब आणि ओआरएस, म्हणजे जुलाबात पाण्यात विरघळवून द्यायची क्षार-साखरेची पूड, हा विषय घेतला होता. दुकानातून पाकीट देताना ‘एक लिटर पाण्यात विरघळवा’ असे मी वर्षानुवर्षे सांगत आलो होतो आणि माझे काम तेथे संपले असे समजत होतो. वस्तीतल्या बहुतेक घरांत लिटरचे माप नव्हते. कोणी तांब्याभर पाणी घेत होते, तर एक आई पाकिटातली थोडी पूड दर वेळी पेल्यात घालत होती, म्हणजे क्षारांचे प्रमाण रोज वेगळे. माझ्या पहिल्या मसुद्यावर समुपदेशक बाईंनी (इग्नूत शिकवणाऱ्यांना समुपदेशक म्हणतात) लिहिले, ‘तुम्ही काय सांगितलेत ते आले आहे, ऐकणाऱ्यांनी नंतर काय केले ते लिहा.’ त्या एका ओळीसाठी मी पुन्हा त्याच घरांत गेलो. तेव्हापासून पाकीट देताना मी घरी लिटरची रिकामी बाटली आहे का हे विचारतो, आणि उरलेले द्रावण २४ तासांनंतर टाकून द्यायचे हे त्यांच्याकडूनच वदवून घेतो.

भाषेबद्दल एक गोष्ट सांगतो. मराठीतून शिकण्याची इच्छा आपल्यापैकी अनेकांची असते, परंतु नाशिकच्या मुक्त विद्यापीठाचे कार्यक्षेत्र महाराष्ट्रापुरते आहे, त्यामुळे बडोदेकरांना ती वाट सहज मिळत नाही. मी पदविका हिंदीतून केली, वस्तीत गुजरातीत बोललो आणि टिपणे मराठीत काढली; त्याचा त्रास झाला नाही.

आपण परिचारिका असाल, लोकांमध्ये रोजच वावरत असाल आणि केवळ नवे विचार समजून घ्यायचे असतील, तर ऑनलाइन अभ्यासक्रम पुरेसा ठरावा. जागतिक आरोग्य संघटनेचे मोफत अभ्यासक्रमही आहेत. केंद्र सरकारच्या ‘स्वयम्’ या संकेतस्थळावर शिकणे विनामूल्य आहे, मात्र प्रमाणपत्राच्या परीक्षेचे शुल्क पडते आणि तेथे सत्राच्या तारखा पाळाव्या लागतात. ज्यांनी अजून अनोळखी घराचे दार वाजवलेले नाही, त्यांनी मात्र, माझे ऐकणार असाल तर, पदविकेचा विचार आधी करावा आणि प्रकल्पासाठी आपल्या घरापासून चालत जाता येईल अशी वस्ती निवडावी, कारण तेथे एकदा जाऊन भागत नाही.