ई-रीडर घेताय? कृष्णधवल की रंगीत?

मी दोन्ही वापरलेत आणि रोजच्या वाचनाला कृष्णधवलच ठेवलाय. तुमचं वाचन वेगळं असेल तर उत्तरही वेगळं येऊ शकतं.

आतली करामत दोन्हींत एकच. केसाच्या जाडीएवढ्या कुप्या, त्यांत द्रव आणि परस्परविरुद्ध विद्युतभाराचे काळे-पांढरे कण. विद्युतक्षेत्राची दिशा बदलली की एक रंग वर येतो, दुसरा तळाशी जातो. वीज थांबली तरी कण जागा सोडत नाहीत, म्हणून तर बॅटरी इतकी पुरते. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठातून १९९७ साली निघालेल्या ई-इंक कंपनीची ही कल्पना मला आजही विलक्षण वाटते.

बहुतेक रंगीत रीडरांत कण मात्र काळे-पांढरेच असतात. रंग येतो तो वर बसवलेल्या लाल-हिरव्या-निळ्या गाळणीतून. माझं घोडं अडलं ते इथेच. बाहेरचा उजेड त्या गाळणीतून आत जातो, परततानाही तिच्यातूनच येतो आणि दोन्ही वेळा थोडा गिळला जातो. दुपारी खिडकीशी बसलो तरी पान राखाडी दिसायचं, शेवटी फ्रंटलाइट (कडेनं पानावर उजेड टाकणारा रीडरमधलाच दिवा) लावायचाच. दिव्याकडे बघत वाचायचं नाही म्हणून तर आपण ई-रीडर घेतो! शिवाय कोऱ्या समासात बारीक रवाळपणा जाणवतो आणि अक्षर लहान ठेवलं की ‘ष्ट्र’, ‘द्ध’ अशी जोडाक्षरं किंचित भरल्यासारखी वाटतात. निदान माझ्या डोळ्यांना तरी.

पान उलटल्यावर मागच्या मजकुराची पुसट छाया राहते, ती दोन्हींत. तिचा मला फारसा त्रास झाला नाही.

रंगीतचं पारडं जड होतं ते स्कॅन केलेले दिवाळी अंक, व्यंगचित्रं, नकाशे आणि मुलांची पुस्तकं यांत. रंगांचा ठसठशीतपणा तिथेही नाही (रंगात तपशील इंचाला साधारण १५० बिंदूंचा, काळ्या अक्षरांत ३००), पण मुखपृष्ठ रंगीत बघण्यातला आनंद खरा आहे.

गाळणीविना, रंगीत कणच हलवणारा प्रकारही आहे. निळसर, किरमिजी, पिवळे आणि पांढरे असे चार तऱ्हेचे कण विजेच्या ठोक्यांनी वेगळे करत बसावं लागत असल्यानं पान बदलायला वेळ लागतो. भिंतीवरच्या फलकाला ठीक, कादंबरीला नाही.

कथा-कादंबऱ्याच जास्त वाचत असाल तर कृष्णधवल घ्या, असं मी सुचवेन. दुकानात दोन्ही शेजारी ठेवून फ्रंटलाइट पूर्ण बंद करा आणि मराठी मजकुराचं एक पान उघडून बघा.