लस चोख, सांगणे अपुरे: महापालिकेच्या दवाखान्यातील लसीकरण

परवडत असतानाही बाळाला महापालिकेच्या दवाखान्यात लस टोचायला नेणे हा आमच्यासारख्या मध्यमवर्गीय घरांत अजूनही नातेवाइकांना समजावून सांगावा लागणारा निर्णय आहे. फुकट मिळते ते निकृष्ट असणार, हा समज त्यामागे असतो. आमच्या मुलीचे जन्मानंतरच्या सहाव्या आठवड्यापासून दुसऱ्या वर्षापर्यंतचे राष्ट्रीय वेळापत्रकातील सर्व डोस आम्ही घराजवळच्या महापालिकेच्या दवाखान्यात घेतले आणि त्या वेळापत्रकात नसलेल्या काही लसी खासगी बालरोगतज्ज्ञांकडे घेतल्या. त्यामुळे दोन्ही ठिकाणांची तुलना मला अनुभवावरून करता येते. निष्कर्ष आधीच सांगते. लस आणि ती टोचण्याची शिस्त यांत या सेवेला नाव ठेवायला जागा नाही. कमी पडते ते आईशी बोलणे, आणि त्याहूनही अधिक, स्वतः आईला मिळायला हवे असलेले संरक्षण.

पहिली शंका शीतसाखळीची, म्हणजे लस बाळापर्यंत पोहोचेस्तोवर सतत थंड ठेवण्याच्या व्यवस्थेची असते, म्हणून तिच्यापासून सुरुवात करते. लसी साठवण्याच्या शीतकपाटात २ ते ८ अंश सेल्सिअस तापमान राखावे लागते आणि त्याची नोंद दिवसातून दोनदा करायची असते. आमच्या दवाखान्यात ही नोंदवही कपाटाच्या शेजारीच लटकवलेली असे आणि ती रोजच्या रोज भरलेली दिसे. सत्राच्या वेळी उघडलेल्या कुप्या लसवाहकाच्या, म्हणजे लस थंड ठेवून नेण्याच्या पेटीच्या, स्पंजमध्ये खोचून ठेवलेल्या असत, टेबलावर मोकळ्या पडलेल्या कधी आढळल्या नाहीत. प्रत्येक कुपीवर एक लहानसे वर्तुळ आणि त्यात एक चौकोन असतो. उष्णता लागत जाईल तसा चौकोन गडद होतो, आणि तो वर्तुळाच्या रंगाइतका झाला की ती कुपी टाकून द्यायची असते. हे मला ठाऊक होते म्हणून मी कुपी दाखवायला सांगितली. सिस्टरांनी जराही न रागावता ती माझ्या हातात दिली, आणि उलट खूण कशी वाचायची हे शेजारी बसलेल्या दुसऱ्या आईलाही समजावले. खासगी दवाखान्यात हीच विनंती केली तेव्हा स्वागतकक्षातील मुलीला मी काय विचारते आहे हेच कळले नाही.

उघडलेल्या कुपीचे नियमही तिथे काटेकोर पाळले जातात. पेंटाव्हॅलंट (पाच रोगांवरची एकत्रित लस), न्यूमोकोकल (न्यूमोनियावरची), तोंडावाटे द्यायची पोलिओ यांसारख्या लसींची उघडलेली कुपी, तापमान व स्वच्छता नीट राखली असेल तर, २८ दिवसांपर्यंत वापरता येते. म्हणून तिच्यावर उघडल्याची तारीख पेनाने लिहिलेली असते. बीसीजी (क्षयरोगावरची) आणि गोवर-रुबेला या लसी मात्र भुकटीच्या स्वरूपात येतात आणि द्रावणात मिसळल्यानंतर चार तासांत संपवाव्या किंवा टाकून द्याव्या लागतात. त्यांच्या कुपीवर तारखेसोबत मिसळल्याची वेळही लिहिलेली मी पाहिली. सिरिंज एकदा वापरल्यावर आपोआप अडकणारी, प्रत्येक बाळासाठी पाकिटातून नवी काढलेली, आणि टोचून झाल्यावर तिची सुई तिथल्या तिथे कटरने छाटलेली. या बाबतीत डोळ्यांत तेल घालून पाहूनही मला काही खोट सापडली नाही.

मात्र याच चार तासांच्या नियमातून एक त्रासही निर्माण होतो. नवव्या महिन्याच्या गोवर-रुबेला डोससाठी गेलो तेव्हा "अजून दोन-तीन मुले आली की कुपी फोडू, नाहीतर पुढच्या बुधवारी या," असे आम्हाला सांगण्यात आले. कुपी वाया जाऊ नये ही कर्मचाऱ्यांची काळजी समजण्यासारखी आहे. परंतु एकच बाळ आले असले तरी कुपी उघडावी आणि बाळाला परत पाठवू नये, असेच लसीकरण कार्यक्रमाचे धोरण आहे. मी ते नम्रपणे सांगितल्यावर कुपी उघडली गेली. ज्या आईचा त्या दिवसाचा रोज बुडाला आहे आणि जिला हे धोरण माहीत नाही, ती मात्र निमूटपणे परत जाते, आणि पुढचा बुधवार तिला जमेलच असे नाही. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडीच्या परिसरात, तसेच भिवंडी व मालेगाव येथे गोवराची साथ पसरली, तेव्हा लस न घेतलेल्या किंवा एकच डोस घेतलेल्या मुलांचा प्रश्न सगळ्यांसमोर आला होता. नऊ महिन्यांची होण्याआधीच मुले आजारी पडू लागल्याने अशा भागांत सहा महिन्यांच्या पुढील बाळांना एक जादा डोस देण्याचा निर्णय तेव्हा घ्यावा लागला. हे सारे इतक्या अलीकडे घडून गेलेले असताना कुपीतील उरलेल्या थेंबांचा हिशेब करून बाळाची लस आठवडाभर लांबवणे मला पटत नाही.

प्रत्यक्ष टोचण्याचा अनुभव कसा असतो, हे नव्या आईबापांना आधी सांगणे आवश्यक आहे, कारण दवाखान्यात ते कोणी सांगत नाही. सहाव्या आठवड्याला बाळाला पोलिओ व रोटाव्हायरस या दोन लसी तोंडावाटे मिळतात आणि तीन सुया टोचल्या जातात. डाव्या मांडीत पेंटाव्हॅलंट, उजव्या मांडीत न्यूमोकोकल आणि उजव्या दंडावर त्वचेच्या थरात पोलिओची अगदी लहान मात्रा, असा तो क्रम आहे. दहाव्या आठवड्याला सुई एकच असते, चौदाव्याला पुन्हा तीन. आमच्या दवाखान्यातील सिस्टरांचा हात इतका सरावलेला होता की त्वचेच्या थरातील अवघड टोचणीसुद्धा बाळ रडायला लागेपर्यंत उरकलेली असे.

खासगीकडे याच टप्प्यावर "न दुखणारी" सहा रोगांवरची एकत्रित लस सुचवली जाते. तिच्यात डांग्या खोकल्याच्या जंतूचे निवडक घटक असतात, तर शासकीय पेंटाव्हॅलंटमध्ये संपूर्ण मारलेला जंतू असतो. त्यामुळे शासकीय लसीनंतर ताप आणि मांडीची सूज अधिक येते हे खरे आहे. पण संपूर्ण जंतूच्या लसीने डांग्या खोकल्यापासून मिळणारे संरक्षण जास्त टिकते. एका रात्रीच्या तापाच्या बदल्यात टिकाऊ संरक्षण, हा व्यवहार मी तरी आनंदाने पत्करला. ज्यांना तो नको असेल त्यांनी खासगीकडे जरूर जावे, मात्र शासकीय लस हलकी म्हणून आपण जात आहोत असे कोणाला सांगू नये.

लसीकरणानंतर पालकांना चार गोष्टी सांगणे कर्मचाऱ्यांना बंधनकारक आहे: कोणती लस दिली व ती कशापासून वाचवते, काय त्रास होऊ शकतो व तेव्हा काय करावे, पुढची तारीख कोणती, आणि कार्ड जपून ठेवून प्रत्येक वेळी आणावे. घोडे पेंड खाते ते नेमके इथे. चारांपैकी शेवटच्या दोन गोष्टी आम्हाला दरवेळी सांगितल्या गेल्या, पहिल्या दोन विचारल्याशिवाय कधीच नाहीत. तापाची गोळी हातात पडे, पण ती बाळाच्या वजनाप्रमाणे किती द्यायची आणि किती तासांनी, हे विचारून घ्यावे लागे. बीसीजीच्या जागी काही आठवड्यांनी गाठ येते, ती फुटते, खपली धरते आणि व्रण राहतो. हे अपेक्षितच असते आणि त्यावर हळद, मलम, शेक यांतले काहीही लावायचे नसते. हे एका वाक्यात सांगून होण्यासारखे आहे. ते न सांगितल्यामुळे घाबरून धावत आलेल्या आया मी त्याच बाकावर पाहिल्या आहेत. साधी सर्दी किंवा हलका ताप असताना लस टाळण्याचे कारण नाही, हेही तसेच भिंतीवरच्या फलकात राहून जाते.

टोचल्यानंतर अर्धा तास थांबायचे असते, कारण क्वचित येणारी तीव्र ॲलर्जी बहुधा याच वेळात दिसून येते आणि तिच्यावर लगेच द्यावे लागणारे ॲड्रिनॅलिन सत्राच्या जागी ठेवलेले असते. थांबायला सांगतात, पण कोण थांबले आणि कोण निघून गेले याकडे गर्दीत कोणाचे लक्ष नसते. स्तनपानासाठी आडोसा नाही. माझी सर्वांत मोठी तक्रार आहे ती या थांबण्याच्या जागेबद्दल. लसीकरणाची खोली वेगळी असली तरी बाके बाह्यरुग्ण विभागाशी सामाईक आहेत, आणि सहा आठवड्यांचे बाळ घेऊन आलेली आई तापाच्या व खोकल्याच्या रुग्णांमध्ये तासभर बसते. गोवराचा विषाणू रुग्ण निघून गेल्यावरही त्या जागेच्या हवेत दोन तासांपर्यंत टिकू शकतो. रोग टाळण्यासाठी आलेल्या बाळांना तो मिळण्याची सोय त्याच छपराखाली असावी, हे कोणाच्याच ध्यानात येऊ नये याचे नवल वाटते. बुधवारी बाह्यरुग्ण विभागाची रांग मागच्या दाराकडे वळवली तरी हे सुटेल. त्याला निधी लागत नाही.

माता व बाल संरक्षण कार्डाविषयी मात्र चांगलेच लिहावेसे वाटते. मराठीत छापलेले, गरोदरपणातील तपासण्यांपासून बाळाच्या वाढीच्या आलेखापर्यंत सर्व एका ठिकाणी असलेले आणि धोक्याची लक्षणे चित्रांसह दाखवणारे हे कार्ड खासगी दवाखान्याच्या गुळगुळीत पुस्तिकेपेक्षा अधिक उपयोगी आहे. त्याचा फाडून ठेवायचा भाग दवाखान्यात महिन्यावार कप्प्यांच्या कापडी पिशवीत जातो, त्यामुळे त्या महिन्यात कोणते बाळ यायचे राहिले हे लगेच समजते आणि आशाताई घरी येऊन विचारतात. आमच्या घरीही त्या आल्या होत्या, आणि इमारतीतील रखवालदाराने त्यांना उगाचच अडवून धरले होते. कार्डाचा कागद पातळ आहे आणि रकाने इतके लहान आहेत की बॅच क्रमांक पुढे कोणाला वाचता येणार नाही. पोलिओच्या सुईचा नवव्या महिन्यातील तिसरा डोस जानेवारी २०२३ पासून सुरू झाला. आम्हाला मिळालेल्या जुन्या छपाईच्या कार्डात त्याची जागाच नव्हती, म्हणून तो समासात लिहिला गेला. डिजिटल नोंदीसाठी आता यू-विन ही केंद्र शासनाची ऑनलाइन प्रणाली आहे, परंतु आमच्या दवाखान्यात ती नोंद सवडीने केली जात असे, तेव्हा कागदाचा फोटो काढून ठेवलेला बरा.

आता आईबद्दल. गरोदरपणात एचआयव्ही, सिफिलिस व कावीळ ब यांच्या तपासण्या मोफत होतात आणि त्यांचे महत्त्व कमी लेखता येणार नाही, कारण जन्माच्या वेळी आईकडून कावीळ ब चा संसर्ग झालेल्या दहापैकी नऊ बाळांमध्ये तो कायमचा राहतो. बाळाला २४ तासांच्या आत त्याची लस द्यायची ती याचसाठी. धनुर्वात व घटसर्पाच्या टीडी लसीचे दोन डोस चार आठवड्यांच्या अंतराने दिले जातात, आणि आधीच्या गरोदरपणात दोन्ही घेऊन तीन वर्षे झालेली नसतील तर एकच बूस्टर पुरतो. भारतातून माता व नवजात धनुर्वाताचे निर्मूलन झाल्याचे २०१५ मध्ये जाहीर झाले, त्यात या साध्या सुईचा वाटा मोठा आहे.

पण त्यापुढे काही नाही. डांग्या खोकला सर्वांत घातक ठरतो तो पहिल्या दोन-तीन महिन्यांत, म्हणजे बाळाचे स्वतःचे डोस पूर्ण होण्याआधी. गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत आईने डांग्या खोकल्याचा घटक असलेली लस घेतली तर तिची प्रतिपिंडे (रोगजंतूंशी लढणारे रक्तातील घटक) बाळाला या काळात सांभाळतात. ही लस आणि इन्फ्लुएन्झाची लस खासगी स्त्रीरोगतज्ज्ञ सुचवतात. राष्ट्रीय वेळापत्रकात गरोदर स्त्रीसाठी दोन्ही नाहीत. ते एक वेळ समजू शकते, परंतु अशा लसी असतात आणि ऐपत असल्यास त्या बाहेर घेता येतील, हे सांगायला पैसे पडत नाहीत. रुबेलाचेही तसेच. गरोदरपणाच्या सुरुवातीला आईला रुबेला झाल्यास बाळाला जन्मतः बहिरेपणा, मोतीबिंदू किंवा हृदयदोष होऊ शकतो. ही लस गरोदरपणात देता येत नाही, म्हणून ती आधीच घ्यावी लागते. बाळाच्या गोवर-रुबेला डोसच्या वेळी आई समोरच बसलेली असते, पुढच्या अपत्याचा विचार अनेकींच्या मनात असतो, तरीही "तुम्ही घेतली आहे का?" हा प्रश्न तिथे मला किंवा माझ्यासमोर दुसऱ्या कोणाला विचारला गेला नाही.

नव्या पालकांनी तिथे जावे की नाही, असे मला विचारतात तेव्हा मी जा म्हणते. बुधवारी सत्र सुरू होतानाच पोहोचावे, बाळाला बाह्यरुग्णांच्या बाकांपासून दूर घेऊन उभे राहावे, तापाच्या गोळीची मात्रा लिहून घ्यावी आणि कार्डावरील नोंद तिथेच वाचून पाहावी. कांजिण्या, टायफॉइड व इन्फ्लुएन्झा यांच्या लसी आम्ही खासगीकडे घेतल्या, कारण त्या तिथे मिळत नाहीत. पाचव्या वर्षानंतरचा त्रिगुणी (घटसर्प, डांग्या खोकला व धनुर्वात यांवरच्या) लसीचा दुसरा बूस्टर, जो मूल शाळेत जाऊ लागल्यावर बहुतेक घरांत विसरला जातो, त्याच्यासाठी आम्ही पुन्हा त्याच दवाखान्यात जाणार आहोत.