संत्र्याच्या फुलोऱ्यात 'ऑरगॅनिक' औषधाच्या नावाखाली माझी झालेली फसवणूक

काटोल तालुक्यात आमचा संत्र्याचा बगीचा आहे, ३५० झाडं. घर नागपूरला, पण आंबिया बहाराच्या, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीतल्या फुलोऱ्याच्या, दिवसांत माझा मुक्काम शेतावरच असतो. गेल्या फेब्रुवारीत ऐन फुलोऱ्यात एका माणसानं मला औषध म्हणून काहीतरी भलतंच विकलं. पैसे गेले, फळ गेलं, आणि एका माणसाचा जीव जाता जाता राहिला.

झाडांना पाणी तोडून दिलेला ताण सोडून पाणी दिलं होतं. नवती, म्हणजे कोवळी पालवी, आणि कळी बरोबरच निघाली आणि तिच्यासोबत सिला ही रस शोषणारी कीडही आली. ज्यांनी सिला पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो : कोवळा शेंडा हलकेच उलगडला की पानाच्या घडीत नारिंगी-पिवळी बारीक अंडी दिसतात. पिल्लं चपटी, रस शोषत बसलेली, मागे पांढरट वळणदार धागे सोडणारी. बोट लावलं की चिकट लागतं. मोठा किडा पानावर बूड वर करून तिरपा बसतो, ही त्याची पक्की खूण. हा रस शोषतो तशी कळी गळते, आणि झाड पिवळं पाडून वाळवणारा ग्रीनिंग रोगही हाच झाडोझाडी नेतो. फवारणी नवती फुटताच, फूल उमलण्याआधी करायची असते. मला आठ दिवस उशीर झाला होता. आता मारावं तर फुलांवर मधमाश्या, न मारावं तर कळी जाते. फेब्रुवारीत आमच्या भागातले निम्मे संत्रावाले ह्याच पेचात असतात, आणि त्या माणसाला हे चांगलं माहीत होतं.

तो मोटारसायकलवर आला. अंगात कंपनीचं नाव छापलेला टी-शर्ट, गळ्यात ओळखपत्र, पिशवीत प्लास्टिकच्या कागदात घातलेली दोन-तीन सर्टिफिकिटं. पहिलाच प्रश्न विचारला, "काका, फूल उमललं का पूर्ण?" मी हो म्हणालो तशी त्यानं बाटली काढली. पांढरी बाटली, हिरवं झाकण, लेबलवर कडुनिंबाचं पान आणि मधमाशीचं चित्र. म्हणाला, पूर्ण ऑरगॅनिक, वनस्पती अर्क आहे, माशीला काही होत नाही. मग त्यानं सिला लागलेला एक शेंडा तोडला, हातपंपानं दोन फवारे मारले आणि माझ्या तळहातावर ठेवला. दोन मिनिटांत किडे उलटे पडले. मी भारावून गेलो. खरं तर तिथंच शंका यायला हवी होती. निंबोळीचा अर्क किडीचं खाणं थांबवतो, तिची वाढ बिघडवतो. त्याला दिवस लागतात. दोन मिनिटांत किडा उलटा पडतो तो वेगळ्याच विषानं.

१ लिटरच्या ७ बाटल्या घेतल्या, १,८५० रुपयांना एक. पावतीचं विचारलं तर म्हणाला, "बिलबुक ऑफिसात आहे काका, उद्या व्हॉट्सअॅपवर टाकतो." आणि जाता जाता एक वाक्य बोलला, जे मी विसरू शकत नाही : "तोंडाला फडकं बांधायचीही गरज नाही. हे ऑरगॅनिक आहे."

तेच वाक्य मी आमच्या फवारणी करणाऱ्या गड्याला जसंच्या तसं सांगितलं. पंधरा वर्षं तो आमच्याकडे फवारणी करतो. दर वेळी मास्क, हातमोजे, पूर्ण बाह्यांचा शर्ट घातल्याशिवाय मी त्याला पंप उचलू देत नाही. २०१७ साली विदर्भातल्याच यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन २०हून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले, तेव्हापासून आमच्या घरात हा नियमच आहे. त्या दिवशी तो मीच मोडला.

ड्रममध्ये औषध ओतलं तसं पाणी दुधासारखं पांढरं झालं आणि रॉकेलसारखा वास सुटला. आमच्या सौ. वासानंच बाहेर आल्या. म्हणाल्या, "गोठ्यापाशी काही मारू नका, म्हशीचा चारा आहे तिथं." त्यांच्या शब्दाखातर गोठ्याजवळची १२ झाडं सोडली. बाकीच्या बगीच्यावर दिवसभर फवारणी चालली.

संध्याकाळी फवारणी करणारा गडी बांधावर बसला आणि म्हणाला, "भाऊ, डोळ्यांत लय चुरचुर होऊन राह्यली, डोकं गरगरते." अर्ध्या तासात उलट्या सुरू झाल्या. अंग घामानं चिंब, तोंडातून लाळ. गाडीत घालून काटोलला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी पहिल्यांदा विचारलं, "कोणतं औषध होतं? बाटली आणली का?" आणली होती. त्यांनी ती उजेडात धरून सगळीकडून फिरवून पाहिली. घटक लिहिलेला नाही, विषाची लक्षणं नाहीत, उतारा काय द्यायचा ते नाही. खऱ्या कीटकनाशकाच्या लेबलवर किंवा सोबतच्या माहितीपत्रकावर हे सगळं छापावंच लागतं, ते ह्याच वेळेसाठी. डॉक्टरांनी टॉर्चनं डोळे पाहिले, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या. नुसत्या लक्षणांवरून त्यांनी अॅट्रोपीन, म्हणजे अशा विषावरचा उतारा, सुरू केलं आणि नागपूरला पाठवलं. चार दिवसांनी तो घरी आला. त्या चार दिवसांत त्याच्या बायकोसमोर उभं राहायची हिंमत मला झाली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बगीच्यात गेलो तर ड्रिपच्या ओल्या मातीवर मधमाश्या पडलेल्या होत्या. काही मेलेल्या, काही पाठीवर पडून गोल गोल फिरत होत्या. पाकळ्यांच्या कडा करपल्या होत्या. आणि दहाव्या दिवशी नव्या शेंड्यांवर सिला पुन्हा हजर. फोन लावला तर बंद.

बाटल्या घेऊन तालुका कृषी कार्यालयात गेलो. तिथल्या साहेबांनी लेबलवर बोट ठेवून एकेक गोष्ट दाखवली. ती आधी माहीत असती तर हे घडलं नसतं. कीटकनाशक कायदा १९६८चा आहे. कीड मारण्यासाठी जे विकलं जातं, त्याची केंद्रीय नोंदणी समितीकडे नोंदणी लागते. सेंद्रिय म्हटल्यानं त्यातून सुटका नाही. निंबोळीपासून केलेलं औषध असो की बुरशीपासून केलेलं, त्यालाही नोंदणी क्रमांक लागतोच. लेबलवर तो क्रमांक, बॅच नंबर, उत्पादनाची आणि मुदत संपण्याची तारीख, आणि विष किती जहाल ते सांगणारा लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा त्रिकोण असतो. माझ्या बाटलीवर ह्यातलं एकही नव्हतं. सर्टिफिकिटांपैकी एक आयएसओचं, म्हणजे कंपनीच्या कामकाजाच्या दर्जाचं, होतं, त्याचा औषधाच्या नोंदणीशी काहीच संबंध नाही. दुसऱ्यावर 'बायोस्टिम्युलंट' लिहिलेलं होतं. ते पिकाच्या वाढीसाठीचं उत्पादन, २०२१पासून खत नियंत्रण आदेशात येतं. ते कागद दाखवून कीडनाशक विकता येत नाही. आणि विकणाऱ्याकडेही परवाना हवा, तो मी मागितलाच नव्हता.

"पावती आहे का?" साहेबांनी विचारलं. पावती नाही, म्हणजे माल कोणाकडून घेतला हे दाखवायला माझ्याकडे काहीच नाही. सुदैवानं एक बाटली सील न फोडलेली उरली होती. ती आणि लेखी तक्रार दिली आहे. तुमच्याकडे अशी बाटली असेल तर एक तरी न फोडता ठेवा. उघडलेल्या बाटलीचा नमुना कोणी ग्राह्य धरत नाही.

बगीच्याचं म्हणाल तर गोठ्याजवळच्या त्या १२ झाडांनी घरची लाज राखली. तिथं सिला होता, थोडी कळी गळलीही, पण फळ धरलं. बाकीच्या झाडांवर फांदीफांदीला रिकामे देठ. सप्टेंबरात व्यापारी आला, गोठ्यापाशी थांबला आणि म्हणाला, "असा सगळा बगीचा असता तर मागाल तो भाव दिला असता."

ह्या वर्षी नवती निघायच्या आधीच अमरावती रोडवरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेत जाऊन फवारणीचं वेळापत्रक विचारून आलो. औषध परवानाधारक कृषी केंद्रातून, पक्क्या बिलावर. बाटली घरी आली की आमचा फवारणीचा गडी आधी त्रिकोण आणि नोंदणी क्रमांक पाहतो, मग मास्क चढवतो.

बाटली विकणारा तो माणूस पस्तिशीचा, बोलायला गोड, काटोल-नरखेडकडच्या गावांची नावं त्याला पाठ. मोटारसायकलला मागे निळा खोका बांधलेला असतो. जानेवारीच्या शेवटापासून फिरतो, आणि आल्या आल्या फूल उमललं का ते विचारतो.