जुना स्कोप ठेवावा की नवा घ्यावा? धुळ्याच्या कपाटातली यादी

धुळ्याच्या एका तंत्रनिकेतनात प्रयोगशाळा सांभाळणारा माझा मावसभाऊ डेडस्टॉक रजिस्टरची, म्हणजे टिकाऊ सामानाच्या नोंदवहीची, झेरॉक्स घेऊन जळगावला आला. यादीत सायंटिफिकचे तीन एचएम २०३ ऑसिलोस्कोप होते, म्हणजे व्होल्टेजची लाट पडद्यावर दाखवणारे स्कोप; त्यातला एक बंद. कुठल्याशा कारखान्याने देणगी दिलेला टेक्ट्रॉनिक्सचा २४६५बी स्कोप होता, आणि एचपीचा ३४४०१ए मल्टिमीटर. मंजूर झालेल्या रकमेत एक बरा डिजिटल स्कोप येईल, फार तर सोबत एखादा प्रोब, म्हणजे मोजायची तार. निर्लेखनाचा, म्हणजे जुनं सामान नोंदीतून काढण्याचा, प्रस्ताव महिनाअखेर द्यायचा होता.

"भाऊ, यातलं काय ठेवू आन् काय भंगारात काढू?"

माझं काम पंपाची पॅनेलं, इन्व्हर्टर, वेल्डिंग मशीन आणि व्हीएफडी (मोटरचा वेग कमीजास्त करणारे ड्राइव्ह) दुरुस्तीचं. त्याच्यासमोर तीस पोरं असतात, माझ्यासमोर एक जळकी पीसीबी आणि घाईतला शेतकरी. त्यामुळे दोघांची उत्तरं सगळीकडे जुळत नाहीत. पण पहिला प्रश्न दोघांचा एकच: या उपकरणातला कुठला भाग आधी मरणार, आणि तो भाग बाजारात मिळतो का? उत्पादन बंद होऊन किती वर्षं झाली, हे मी त्यानंतर विचारतो.

एचएम २०३ आणि नवा डिजिटल

एचएम २०३ हा इंदूरला, जर्मन हामेगच्या धर्तीवर बनलेला दोन चॅनेलचा २० मेगाहर्ट्झचा ॲनालॉग स्कोप. आपल्याकडच्या प्रयोगशाळांमध्ये याचीच गर्दी. आत बहुतेक सगळे भाग साधे, मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात मिळणारे. बिघाडही ठरलेले: फिल्टर कंडेन्सर सुकतात, पुशबटणांचे कॉन्टॅक्ट धुळीने काळे पडतात, पोटेन्शिओमीटर फिरवला की ट्रेस (पडद्यावरची रेघ) नाचतो. सर्किट डायग्राम मॅन्युअलमध्येच. पिक्चर ट्यूब गेली तरच हात टेकायचे, आणि ती सहसा जात नाही.

त्याच्या शेजारी रिगॉलचा डीएचओ ८०४ ठेवू. २०२३ साली आलेला, चार चॅनेल, ७० मेगाहर्ट्झ आणि १२ बिट. साध्या ८ बिटच्या स्कोपमध्ये उभ्या दिशेला २५६ पायऱ्या असतात, इथे ४०९६. मोठ्या व्होल्टेजवर बसलेली बारीक रिपल (लहान चढउतार) बघायची असेल तर हा फरक जाणवतो. नमुने घेण्याचा वेग सेकंदाला १.२५ अब्ज, पण तो चॅनेलमध्ये वाटला जातो. चारही चालू केले की प्रत्येकाच्या वाट्याला चौथा हिस्सा. जाहिरातीत पहिला आकडाच मोठा छापतात.

माझ्या कामात नव्याची बाजू भक्कम आहे. स्टार्टरचा कॉन्टॅक्टर थरथरतो, मोटर सुरू होताना सहा-सातपट करंट ओढते, ही घटना एकदाच घडते आणि संपते. ॲनालॉग स्कोपवर ती डोळ्यांपुढून जाते. डिजिटलवर ती पकडून ठेवता येते, ग्राहकाला दाखवता येते. अमळनेरकडचा एक शेतकरी माझ्या जुन्या स्कोपकडे बघून म्हणाला होता, "भाऊ, हाई डबडं अजून चालस?" त्याच्या पॅनेलचा रिले कसा फडफडतो हे त्याला दाखवलं ते मात्र नव्या स्कोपवर.

तरीही डबडं टेबलावरून हललेलं नाही, कारण त्यावर कंपोनंट टेस्टरचं बटण आहे. पॉवर काढलेल्या, कंडेन्सर डिस्चार्ज केलेल्या बोर्डवर दोन तारा टेकवल्या की डायोड, झेनर, ट्रान्झिस्टरचं जंक्शन, प्रत्येकाची आकृती पडद्यावर येते. एक चांगला बोर्ड आणि एक बिघडलेला शेजारी ठेवून एकेका पॉइंटची आकृती ताडून बघतो. सर्किट डायग्राम नसलेल्या व्हीएफडीत अर्धे दोष असेच सापडतात. नव्या स्कोपमध्ये ही सोय नाही. बाहेरून छोटं सर्किट जोडून करता येते, पण रोजच्या घाईत कोण जोडतो?

पोरांसाठी तर मी जुनाच आधी देईन. ट्रिगर लेव्हल, म्हणजे कुठल्या व्होल्टेजला चित्र सुरू होणार, ते ॲनालॉगवर नॉब फिरवताना आपोआप कळतं. डिजिटलवर ऑटो बटण दाबलं की चित्र स्थिर होतं आणि शिकणं तिथेच थांबतं. चुकीच्या टाइमबेसवर (आडव्या दिशेच्या वेळेच्या मापावर) डिजिटल स्कोप खोटी, कमी वारंवारतेची लाटही दाखवू शकतो. ती खोटी आहे हे ओळखायला आधी खरी बघितलेली असावी लागते.

दुरुस्तीचा हिशेब मात्र उलटा आहे. नव्यासोबत सर्किट डायग्राम येत नाही. हमी संपल्यावर मेन बोर्ड गेला तर अख्खा बोर्ड बदला नाहीतर स्कोप बाजूला ठेवा. एचएम २०३ला आयुष्यभर कंडेन्सर मिळतील.

२४६५बी: ज्यात जीव अडकतो

४०० मेगाहर्ट्झ, चार चॅनेल, आणि पडद्यावरचा ट्रेस असा रेखीव की भल्याभल्यांचा मोह सुटत नाही. मावसभावाला मी एकच विचारलं: "चालू करून बघितला का?" बघितला होता, चालतो. "मग बंद करून ठेव आणि चिप वाचणारा-लिहिणारा प्रोग्रॅमर शोध."

याचं कॅलिब्रेशन, म्हणजे मोजमाप अचूक ठेवणाऱ्या दुरुस्त्या, कागदावर नसतं, ते आकड्यांच्या रूपात एका मेमरी चिपमध्ये असतं. बऱ्याच २४६५बीमध्ये ही चिप डॅलस कंपनीची, पोटातच लिथियम सेल असलेली. सेलचं आयुष्य साधारण दहा वर्षं धरलेलं होतं, आणि हे स्कोप त्याच्या कितीतरी पुढे गेलेत. सेल मेला की आकडे गेले. ते परत मिळवायला मोजूनमापून दिलेला उच्च वारंवारतेचा जनरेटर आणि टाइम मार्क जनरेटर लागतो. खानदेशात तो कुणाच्या टेबलावर मी पाहिलेला नाही.

म्हणून क्रम असा. चिप जिवंत असताना काढा, वाचा, फाइल दोन ठिकाणी ठेवा. मग तेच आकडे एफ-रॅममध्ये लिहा. तिला सेल लागत नाही. अनेकांनी एफएम१६डब्ल्यू०८ ही चिप अडॅप्टर बोर्डवर बसवून हे केलं आहे. त्याच वेळी कंट्रोल बोर्डवरचे छोटे सरफेस माउंट इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर बदला. ते गळतात आणि खालच्या तांब्याच्या रेषा खातात. बोर्डला माशासारखा वास आला तर समजा गळती सुरू झालीय.

एवढं करूनही एक भीती उरते. टेक्ट्रॉनिक्सच्या यादीत १५६ने सुरू होणारा भाग म्हणजे बाहेरून घेतलेली आयसी; १५५ने सुरू होणारा म्हणजे त्यांनी स्वतः बनवलेली. यातली यू८०० ही हॉरिझाँटल आउटपुटची आयसी १५५ गटातली, आणि ती भट्टीसारखी तापते. ती गेली की दुसऱ्या मेलेल्या स्कोपमधूनच काढावी लागते. तिच्यावर हीटसिंक चिकटवणं आणि पंखा साफ ठेवणं एवढंच आपल्या हातात.

मी तो ठेव म्हणालो, पण विद्यार्थ्यांच्या टेबलावर नाही.

बॅटरीबाबत एवढं ताणून सांगतोय कारण माझा हात एकदा पोळलाय. बाकड्यावरच्या एका जुन्या साडेपाच अंकी मीटरचा सेल मी घाईत काढला, आतले आकडे न वाचता. चांगला मीटर क्षणात बिनकामाचा झाला. पुण्याला पाठवून कॅलिब्रेट करून घेतला, तो खर्च मीटरच्या किमतीच्या वर गेला.

मल्टिमीटर: इथे वाद नाही

३४४०१ए १९९१ साली आला. कंपनीचं नाव एचपी, मग १९९९ला ॲजिलेंट, २०१४ला कीसाइट असं बदललं. मीटर तोच राहिला. साडेसहा अंकी, आणि कॅलिब्रेशनचे आकडे बिनबॅटरीच्या मेमरीत. वयाने डिस्प्ले अंधुक होतो, बाकी काही नाही. त्याच्या बदल्यात स्वस्तातला नवा बेंच मीटर घेऊ नका. जीपीआयबी पोर्टला (उपकरण संगणकाला जोडायचं जुनं तोंड) अर्डुइनोवर बनवलेला यूएसबी अडॅप्टर लावला की रीडिंग सरळ संगणकात येतात. कारखान्याच्या ऑडिटसाठी प्रमाणपत्र हवं असेल तर एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यतेच्या लॅबचं लागतं. मीटर जुना की नवा, हे ऑडिटर विचारत नाही.

आता उन्हाळा. या मीटरची वर्षभराची अचूकता २३ अंश सेल्सिअसच्या पाच अंश अलीकडे-पलीकडेच खरी. १० व्होल्टवर ती चूक फार तर ०.४ मिलिव्होल्ट. मे महिन्यात माझ्या पत्र्याच्या शेडमध्ये ४२ अंश असतात, म्हणजे २८च्या वर १४ अंश. दर अंशाची वाढ धरली की मर्यादा १.२४ मिलिव्होल्ट होते, तिपटीहून जास्त. हे नव्यालाही लागू आहे. नवं उपकरण घेऊन उन्हाळा जात नाही. बारीक मोजमाप मी सकाळी सात-आठलाच उरकतो.

कंडेन्सरचंही तेच. तापमान दहा अंश वाढलं की इलेक्ट्रोलिटिकचं आयुष्य साधारण निम्मं होतं. म्हणून बदलताना ८५ अंशाचा नको, १०५चाच घ्या. जुन्या परदेशी उपकरणात मेन्सच्या तोंडाशी रिफा कंपनीचे पिवळसर पारदर्शक कंडेन्सर असतील तर ते चालू करण्याआधीच काढा. त्यांचं कवच तडकतं, कागद ओल शोषतो. सुट्टीभर तापलेली प्रयोगशाळा जूनच्या पहिल्या पावसानंतर उघडते आणि त्याच दिवशी धूर निघतो. जागी एक्स२ वर्गाचाच, म्हणजे मेन्ससाठीचा सुरक्षित प्रकारच बसवा, साधा नाही.

विंडोज एक्सपीवर चालणारी उपकरणं असतील तर आज हार्डडिस्कची प्रत काढा. बाकी चर्चा नंतर.

जो खर्च कुणी यादीत धरत नाही

व्हीएफडीत थ्री फेजचे ४१५ व्होल्ट रेक्टिफाय झाले (एसीचे डीसी झाले) की डीसी बसवर सुमारे ५८७ व्होल्ट असतात. स्कोपच्या प्रोबची काळी क्लिप म्हणजे थेट अर्थिंग. ती डीसी बसला लावली की भडका. आमच्या धंद्यात यावर इलाज म्हणून स्कोपच्या प्लगची अर्थची पिन मोडतात. मग स्कोपचा अख्खा पत्रा जिवंत होतो. डीएचओ ८०४ यूएसबी-सीवर चालतो, तेव्हा लोडशेडिंगमध्ये पॉवर बँक लावली की सुटलो, असं काहींना वाटतं. बीएनसीचा (प्रोब जोडायच्या गोल तोंडाचा) धातू तिथेही तेवढाच जिवंत असतो. डिफरन्शियल प्रोब घ्या, अर्थशी न जोडता दोन पॉइंटमधला फरक मोजणारा. तो घेताना स्कोप एक पायरी स्वस्त घ्यावा लागला तरी चालेल.

मावसभावाने दरपत्रक तसंच बदललं: चार चॅनेलचा सर्वात स्वस्त मॉडेल आणि सोबत प्रोब. दोन एचएम २०३ प्रॅक्टिकलला, ३४४०१ए कुलपात, २४६५बीची चिप वाचायला पुढच्या रविवारी तो जळगावला येणार आहे. निर्लेखनात फक्त तिसरा एचएम २०३ गेला. लिलावात तो मिळाला तर मला सुट्या भागांना हवाच आहे.